नौमानचा डबा अन् आत्याबाईचा हिंग

सुरत, उधना
रविवार, दुपारची वेळ

नाही आत्याबाई, माणिकरावाची सोयरीक माझ्या भाकरीपायी मोडली हे मी मान्य करणार नाही. तू फोनवर कितीकदा म्हण, नाही म्हणजे नाही. माणिकराव मलकापूरहून आपल्या घरी आले, चहा घेतला, पोहे खाल्ले (दोनदा घेतले असं काजल सांगे), अन् पोरगा काय करते असं विचारलं, तर तू त्यायले सांगितलं की पोरगा सुरतेले कंपनीत सुपरवायझर आहे, त्याच्या हाताखाली माणसं आहेत. मंग त्यायचा साडू इकडं कापड घ्यायले आला, पत्ता विचारत विचारत माझ्यापर्यंत पोचला, अन् त्यानं काय पाह्यलं? समोर परात, कमरेले टॉवेल, अन् मी भाकर थापून राह्यलो. हाताखाली माणूस म्हणशील तर एक मांजर होती. यात भाकरीचा काय गुन्हा? सोयरीक मोडली ती सुपरवायझरपायी. तू सरळ सांगितलं असतं की पोरगा शाळेच्या लेकरायचे डबे करते, तर त्यायनं पोहे एकदाच घेतले असते, अन् आपले अर्धे तरी वाचले असते.

नमस्कार लिहायचा राह्यला. तो आता घे, कंबर पुरी वाकवून केला आहे. तुझा डावा गुडघा कसा आहे? थंडीत धरत असेल तर एरंडाचं पान बांधजो, अन् म्हशीच्या मागं धावत जाऊ नको, तिले घर माहीत आहे. बाबाचा खोकला कसा आहे? बाबाले विचारलं तर खोकत खोकत नाही म्हणतील, म्हणून काजलले विचारून राह्यलो. फोन सोडून मी पत्र लिहायले बसलो याचं कारण एकच. फोनवर मी 'आत्याबाई' म्हणेस्तोवर तुझं सारं बोलून होते अन् फोन काजलच्या हातात जाते. पत्राले मधात तोडता येत नाही. काजल, भावाचं ऐक, तू हे मोठ्यानं वाचून दाखव, फक्त कंसातलं मनात वाच. (सुपरवायझरचा भाग बाबा ओट्यावर असतील तर हळू वाचायचा होता, पण तो वर होऊन गेला. आता काय करता.)

आता पह्यल्यापासून सांगतो, म्हणजे गावात कोणी विचारलं तर तुले खरं सांगता येईल. मी इकडं आलो तो वहाबभाईच्या कारखान्यात, साडीवर भरतकाम करायच्या मशीनवर. वहाबभाई आपल्या मलकापूरचेच, महेजबीन भाबीपण तिकडचीच, म्हणून मले काम भेटलं. ते काम कसं असते सांगू का? मशीन शिवते अन् माणूस पाहाते. धागा तुटला तर जोडायचा. नाही तुटला तर उभं राहायचं. माझ्या जिवाले उभं राहाणं जमत नाही हे तुले माहीत आहे. आठवीतून मी उठलो तो त्याच्यापायीच, मास्तरानं काढलं असं बाबा सांगतात ते खरं नाही. (मास्तर फक्त म्हणाले होते की उद्यापासून आला नाही तरी चालते. काढणं अन् हे यात फरक आहे.) म्हणून मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या मागं शेगडी लावून स्वतःची भाकर करो. तुझा हात मोडला होता त्या वर्षी तू खाटेवर बसून मले शिकवलं होतं, अन् एका हातानं माझ्या पाठीत घालायची, तीच भाकर. बाकीचे कारागीर खानावळीच्या पोळ्या खात अन् मले हसत. हसू दे म्हटलं. खानावळीची पोळी हातात धरली तर पलीकडचा माणूस वळखू येते.

आता वहाबभाईचं पोरगं, नौमान. वय आठ, दिसायले सहाचा. हातपाय काडीसारखे अन् पोट फुगलं की डफडं. पोळी खाल्ली की दुखे, बिस्कुट खाल्लं की दुखे, वर्गात बसल्या बसल्या गडबडा लोळे. पह्यले सारे म्हणत नाटक करते, शाळा बुडवायची आहे. (माझ्यासारखा वाटला मले तो. पण मी खरंच नाटक करो.) मंग मोठ्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की याच्या आतड्याले गहू चालत नाही. गव्हाच्या पिठाले जो चिकटपणा असते, ज्याच्यापायी पोळी लवते अन् फाटत नाही, तोच याच्या पोटाचा वैरी आहे. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. रवा नाही, मैदा नाही, शेवया नाही, केक नाही. मागच्या वर्षी पोरगं अर्धं वर्ष घरीच पडून होतं, म्हणून यंदा पुन्हा त्याच वर्गात बसलं. अन् शाळेच्या मोठ्या बाई वहाबभाईले म्हणाल्या की यंदाही असंच झालं तर आम्ही पटावर नाव ठेवू शकणार नाही. तवापासून भाबीचं तोंड पाहावत नव्हतं. सकाळी भात देई, तो दुपारपर्यंत गोटा होऊन जाये. पोरगं तसंच डबा परत आणे अन् रिकाम्या पोटी चक्कर येऊन पडे. म्हणजे खाल्लं तर दुखे अन् नाही खाल्लं तर पडे.

एक दिवस हे पोरगं खेळत खेळत कारखान्याच्या मागं आलं अन् माझ्या ताटाजवळ बसलं. मी चतकोर भाकर दिली, वर बेसन. त्यानं खाल्ली. पुन्हा हात पुढं केला. मले डॉक्टरचं काही माहीत नव्हतं, मी आपली देत गेलो. तिकडून भाबी वरडत आली, काय चारलं, काय चारलं. मी म्हटलं ज्वारी आहे, जहर नाही. सारी दुपार ती त्याच्या पोटाकडं पाहात बसली. काही झालं नाही. संध्याकाळी पोरगं म्हणे, भूक लागली. वहाबभाई सांगे, हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून वर्ष झालं होतं.

दुसऱ्या दिवशी भाबीनं स्वतः भाकर करून पाह्यली. आत्याबाई, भाबी मोठी सुगरण आहे, तिच्या हातचा मटणाचा रस्सा खाल्ला तर तू तुझा विसरशील (हे मोठ्यानं वाचू नको), पण भाकर म्हटली की तिचा हात लुळा पडते. तिची भाकर तव्यावर जाईस्तोवर तिचे तीन जिल्हे होत. मंग वहाबभाई मले म्हणे, प्रेम, तू मशीन सोड. धागा जोडायले दुसरा माणूस भेटल, हे जोडायले नाही भेटणार. पगार तोच. म्हणून मी मशीन सोडली. याले तू खाली उतरणं म्हणते. मी म्हणतो मी उभा होतो तो बसलो, अन् बसून कामाचा झालो.

डबा भरणं म्हणजे भाकर करणं नव्हे, हे मले पह्यल्याच दिवशी कळलं. आपल्याकडं भाकर तव्यावरून ताटात पडते. इथं ती सकाळी डब्यात जाते अन् दुपारी निघते. पह्यल्या दिवशीची भाकर दुपारी निघाली ती कौलावानी. नौमाननं ती बाकावर वाजवून दाखवली म्हणे, अन् सारा वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला. त्यानंतर मी पीठ उकळत्या पाण्यात चांगलं मळून घेतलं, भाकर पातळ थापली, गरम असतानाच तेलाचं बोट फिरवून बटाट्याची भाजी भरली, गुंडाळी केली अन् धुतल्या फडक्यात बांधून दिली. डबा रिकामा आला. मंग मले चेव चढला. सोमवारी गुंडाळी, मंगळवारी ज्वारीच्या कण्या, शेंगदाणे घालून फोडणी दिलेल्या, बुधवारी मूगडाळीचे धिरडे. तू दिवाळीले दिलेले बिबडे, ते ज्वारीचे पापड, तळून चूर करून एक पुडी अलग देऊ लागलो. त्या बिबड्यायनं तर नौमानचा धंदाच सुरू झाला. ज्याच्याजवळ कोणी बसत नव्हतं तो आता मधल्या सुट्टीत बिबडे वाटते अन् बदल्यात रबर, पेन्सिल, क्रिकेटच्या खेळात पह्यली बॅटिंग असं घेते. मलकापूरचं रक्त आहे, व्यापार येणारच.

आता येते तुझा भाग. काजल, इथून पुढं सावकाश वाच.

दिवाळीनंतर नौमानचं पोट पुन्हा थोडं कुरकुरलं. थोडंच. दोन घास जास्त झाले असतील, का थंडी लागली असेल. मी घाबरून तुले फोन केला, अन् तू काय सांगितलं? तू म्हणे, यात काय विचारते बे, पोराले हिंग दे. बेंबीवर लाव, वरणात टाक, ताकात टाक, आपल्या घरी हिंगानं कोणतं पोट थांबलं नाही? मी तुझं ऐकलं. डबीतला पिवळा हिंग घेतला अन् त्याच्या ज्वारीच्या कण्यायत चिमूटभर जास्त टाकला. दुसऱ्या दिवशी पोट जास्त दुखलं. मी तुले सांगितलं. तू म्हणे, कमी पडला. मी दोन चिमट्या टाकल्या. पोट अजून फुगलं. तू म्हणे, हात आखडू नको. मी चमचा घेतला. आत्याबाई, त्या आठवड्यात कारखान्याच्या गल्लीत माणूस शिरला की त्याले हिंगाचा वास ये. मांजर तेवढे दिवस घर सोडून गेली. पोरगं डबा उघडे तर शेजारचं पोरगं बाक बदलून जाये. अन् नौमान पुन्हा घरी पडला, पोट डफडं, चेहरा पिवळा, अन् शाळेतून विचारणा की नौमान का येत नाही.   भाबी माझ्या हाताकडं पाहे.

हिंगाची डबी संपली म्हणून मी गुलाबरावाच्या किराण्यात गेलो. गुलाबराव रावेरकडचे, त्यायची जीभ तुझ्यापेक्षा जरा कमी चालते. मी म्हटलं मोठी डबी द्या. ते म्हणे, मागच्या आठवड्यात तर नेली, हत्ती पाळला का बे? मी म्हटलं लेकराचं पोट दुखते. ते म्हणे, मंग खडा हिंग ने, असली. भाव विचारला तर माझे डोळे पांढरे झाले. मी म्हटलं, मंग ही डबी येवढी सस्ती काऊन? तर हसले अन् मोठ्या अभिमानानं म्हणे, अरे खुळ्या, ह्यात हिंग नावाले असते. नुसता हिंग कोणाले झेपते? बाकी सारं डिंक अन् गव्हाचं पीठ.

मी तिथंच एका गोणीवर बसलो. गुलाबराव म्हणे, तिच्यावर बसू नको, फाटकी आहे. मी म्हटलं, कशाची आहे? म्हणे, गव्हाची.

आता सांग. पोराले गहू चालत नाही, अन् मी त्याले पोट दुखते म्हणून चमच्यानं गहू चारत होतो. जितकं दुखे तितकं जास्त. अन् वरून तुले फोन करून विचारो की अजून टाकू का. मी घरी येऊन भाबीले सारं सांगितलं, डबी दाखवली, अन् म्हटलं मले मशीनवर परत पाठवा. भाबीनं डबी हातात घेतली अन् म्हणे, ही तर मी पण वरणात टाकत होती रे, तू यायच्या पह्यलेपासून. मंग ती रडली अन् मंग हसली, अन् वहाबभाई बाहेरून विचारत होते की झालं काय, कोणीतरी सांगाल का.

मी तुले दोष देत नाही. (थोडा देतो.) आपल्या घरी तू जो हिंग वापरते तो नांदुऱ्याच्या बाजारातला खडा, तुझ्या डब्यात फडक्यात बांधलेला, तो वेगळा. तुझा इलाज खोटा नव्हता, माझी डबी खोटी होती. पण येवढं मान्य कर की 'हात आखडू नको' हे तू म्हटलं होतं. काजल साक्षीले आहे.

डबी फेकली, पोरगं पंधरवड्यात उभं राह्यलं. आता तो रोज शाळेत जाते, डबा चाटून परत आणते, वजन वाढलं, गालावर मांस दिसते. नौमानचं पोट आता ठणठणीत आहे. अन् शाळेत काय झालं ते ऐक. बाईनं डबा पाह्यला, विचारलं कोण करते, नौमान म्हणे प्रेममामू. मंग शाळेनं मले बोलावलं. आत्याबाई, मले. ज्याले मास्तर उद्यापासून आला नाही तरी चालते म्हणाले होते, त्याले शाळेनं चिठ्ठी पाठवून बोलावलं अन् खुर्चीवर बसवलं. अजून चार लेकरं निघाली. एकाले दूध चालत नाही, एकीले तिखट अन् तळलेलं चालत नाही, एकाचं नौमानसारखं गव्हाचंच, अन् एकाले खरं म्हणजे काहीच झालेलं नाही, त्याले फक्त बिबडे पाह्यजेत, पण त्याची माय पैसे द्यायले तयार आहे. त्यायच्या आया मले एकामागून एक विचारत होत्या अन् मी सांगत होतो. अर्ध्या गुजराती, त्यायले माझं 'मले' अन् 'काऊन' काही कळलं नाही, पण भाबी मधात बसून त्यायले समजावून सांगे. निघताना एक बाई म्हणे, सर, थँक्यू. मी मागं वळून पाह्यलं की कोणाले म्हटलं. मागं भिंत होती.

तर आता पाच डबे होतात. प्रत्येकाचा रंग वेगळा, कोणाचा कोणाले जाऊ नये म्हणून. दूधवाल्याच्या भांड्याले दुधाचा हात नाही, गव्हावाल्याच्या पातेल्याले दुसरा चमचा नाही. पहाटे उठतो, पाचही भरतो, अन् शाळेची घंटा होईस्तोवर माझा जीव त्या पाच डब्यात असते. असा जीव मशीनवर कधी गेला नाही. माणिकरावाच्या साडूले हे दिसलं नाही, त्याले टॉवेल दिसला. दिसू दे. पुन्हा कोणी पाहुणे आले तर तू त्यायले कंपनी सांगू नको. सांग की पोरगा डबे करते, अन् ज्या लेकरायचं पोट कोणी सांभाळू शकत नाही त्यायचं हा सांभाळते. अन् मंग त्यायले पोहे दे, का नको देऊ, ते तू ठरव.

बाकी सारं ठीक. बाबाले नमस्कार, म्हशीले चारा, काजलले (अभ्यास कर) आशीर्वाद.

तुझा,
प्रेम पुंजाजी

ता.क. माणिकरावाची पोरगी मले तशीही पसंत होती असं नव्हतं. फोटोत ती माझ्यापेक्षा जास्त शिकलेली दिसत होती. बाबाले हे सांगितलं तरी चालते.

पुन्हा ता.क. वर नौमानचं पोट ठणठणीत लिहिलं ते पुरं खरं नाही. काजल, इथं आत्याबाईजवळ सरकून बस. हिंग गेला, मोठं दुखणं गेलं, पण अधूनमधून एखादा दिवस पोरगं पोट धरून घरी येते. वर्षाचे दिवस भरत आले, मोठ्या बाई हजेरी मोजून राह्यल्या, अन् आता त्याचे फार दिवस बुडून चालणार नाहीत. कारण मले सापडलं आहे. गल्लीतली चक्की. मी ज्वारी नेतो, पण माझ्या आधी कोणाचा तरी गहू दळला असते, अन् त्याचं मूठभर पीठ मशीनच्या पोटात राहाते ते माझ्या ज्वारीत पडते. चक्कीवाल्याले म्हटलं पह्यलं पीठ फेकत जा, तर तो म्हणे, फेकलेलं गिऱ्हाईक मोजते. घरात ठेवायची बिजलीची चक्की पाह्यली, ती आम्हाले झेपत नाही. बाजारातून नवीन जातं आणलं, तर त्याचा दगड झडते. नौमान म्हणे, मामू, आज भाकरीत वाळू आहे का. म्हणून झिजलेलं, गुळगुळीत, जुनंच जातं पाह्यजे. अन् गहू कधी न पाह्यलेलं. आत्याबाई, असं जातं मले जगात एकच माहीत आहे, ते तुझ्या खाटेखाली आहे. आपल्या घरी गहू सणालेच येत होता, अन् तो आला की तू चक्कीवर पाठवत होती, बारीक यावा म्हणून. जात्यावर आपली ज्वारीच दळली, कण्या भरडल्या, उडीद भरडला, लग्नाची हळद दळली. मले ठाऊक आहे की तुझ्या हळदीची पूजा त्यावरच झाली, अन् काजलची व्हायची आहे. काजलचं जमलं की मी स्वतः डोक्यावर आणीन, पाहुणे यायच्या आधी. तुळशीराम काका संक्रांतीनंतर इकडं कामाले परत येऊन राह्यले, मी त्यायच्याशी बोललो. ते म्हणे, एका खेपेले एकच दगड, माझी पण कंबर आहे. तर आधी खालचा पाठव, मंग वरचा. खुंटा इथं करून घेईन. तू नाही म्हणशील तर मी रागावणार नाही. पण फोनवर नाही म्हणू नको, पत्रात लिहून धाड, म्हणजे मले कोणी मधात तोडलं असं वाटणार नाही.

शेवटचं. तुळशीराम काकाचं तिकीट, मलकापूर स्टेशनावरची हमाली अन् त्यायचा चहा मिळून हजार रुपये काजलच्या फोनवर टाकून राह्यलो. नौमान शेजारी बसून विचारत होता की दगडाले गाडीत तिकीट लागते का. मी म्हटलं लागत असेल, लहान असला तर अर्धं. मंग तो आत गेला अन् ईदीतली नोट घेऊन आला, म्हणे, अर्ध्याचे माझ्याकडून. ते धरून एकूण एक हजार दहा रुपये.